चांगले कोलेस्टेरॉल आणि पॅराऑक्सोनेज : कीटकनाशकाच्या अभ्यासातून सुरू झालेली एक गोष्ट

पॅराऑक्सोनेज-१ या विकराचे (एन्झाइमचे) नाव आज बहुधा चांगल्या कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे एचडीएलच्या, आणि हृदयविकाराच्या चर्चेत निघते. परंतु त्याचा शोध हृदयाचा अभ्यास करणाऱ्यांनी लावलेला नाही. त्याचे नाव एका विषावरून पडले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झालेले पॅराथिऑन हे कीटकनाशक शरीरात गेले की मुख्यतः यकृतात त्याचे पॅराऑक्सॉन होते, आणि हे पॅराऑक्सॉन मूळ रसायनापेक्षा कितीतरी जहाल असते. १९५३ मध्ये ब्रिटनमधील एका संशोधकाने रक्तातील, पॅराऑक्सॉनशी संबंध येणाऱ्या विकरांचे दोन गट पाडले. पॅराऑक्सॉन फोडणारे विकर पहिल्या गटात गेले, तर पॅराऑक्सॉनच्या माऱ्याने स्वतःच निकामी होणारे दुसऱ्या गटात. आपल्याकडे फवारणीच्या हंगामात ज्याची तपासणी करायला डॉक्टर सांगतात तो कोलिनेस्टरेज दुसऱ्या गटातला. पॅराऑक्सोनेज पहिल्या गटातला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करताना हा विकर एचडीएलच्या कणांबरोबरच सरकतो, असे दिसून आले. त्या काळी एचडीएलला कोणी ‘चांगले’ म्हणत नव्हते. ते विशेषण रूढ होण्याइतका भक्कम पुरावा १९७० च्या दशकात पुढे आला. त्यामुळे या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे पॅराऑक्सोनेज विषशास्त्राच्याच कक्षेत राहिला. त्या काळातली महत्त्वाची भर म्हणजे माणसामाणसांत या विकराची क्रियाशीलता दहापटीहून अधिक वेगळी असू शकते, ही जाणीव. या फरकाचा एक मोठा भाग जनुकातील एका बदलाशी जुळतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले: प्रथिनाच्या साखळीत १९२ व्या जागी काहींच्या रक्तात ग्लुटामिन असते, तर काहींच्या रक्तात आर्जिनिन.

खरे वळण १९९१ चे आहे. एलडीएलमध्ये, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्यात, तांब्याचे आयन मिसळून त्याचे प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरण घडवले असता, शुद्ध केलेल्या पॅराऑक्सोनेजच्या सान्निध्यात मेदाची पेरॉक्साइडे, म्हणजे ऑक्सिडीकरणातून होणारी संयुगे, कमी साठतात, असा निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाला. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण झाले की संरक्षक पेशी ते गिळतात, मेदाने फुगतात आणि त्यांचाच थर साचत जातो, हे तेव्हा बऱ्यापैकी मान्य झालेले होते. एचडीएल हा थर होऊ देत नाही तो केवळ कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेऊन, की एलडीएलला खराब होण्यापासून वाचवूनही, हा प्रश्न उघडा होता. पॅराऑक्सोनेजच्या रूपाने त्याला एक हाती धरता येईल असे उत्तर मिळाले. १९९८ मध्ये या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास आला. त्यांचे एचडीएल एलडीएलला वाचवू शकले नाही, मेदयुक्त आहारावर त्यांच्या धमन्यांत थर लवकर साचले, आणि हेच उंदीर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या विषालाही अधिक सहज बळी पडले. हृदय आणि कीटकनाशक हे दोन्ही धागे प्रथमच एका प्राण्यात एकत्र दिसले.

विकराची एचडीएलवर बसण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. यकृतातील पेशींतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाला एक संकेत-खंड असतो आणि प्रथिन तयार होत असतानाच तो कापला जातो. पॅराऑक्सोनेज-१ मध्ये मात्र तो शाबूत राहतो. हा खंड पाण्यापेक्षा मेदात रमणारा असल्याने तो एचडीएलच्या मेदाच्या आवरणात रुततो, आणि त्या कणावरचे प्रमुख प्रथिन, अपोलिपोप्रोटीन ए-१, विकराला स्थिर ठेवते व त्याचे काम वाढवते. २००४ मध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली तेव्हा ती सहा पात्यांच्या पंख्यासारखी असल्याचे आढळले. तिच्या मध्यभागी कॅल्शियमचे दोन आयन असतात. एक रचना धरून ठेवतो, दुसरा प्रत्यक्ष रासायनिक कामात लागतो.

या विकराला ‘अँटिऑक्सिडंट’, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारा, म्हणावे का, यावर जो वाद झाला तो मात्र अजून पुरता मिटलेला नाही. २००३ मध्ये एका गटाने दाखवले की ऑक्सिडीकरण झालेले फॉस्फोलिपिड तोडण्याचे जे काम पॅराऑक्सोनेजच्या खाती मांडले जात होते, ते एचडीएलवरच राहणारा दुसरा एक विकर करतो, आणि पॅराऑक्सोनेज शुद्ध करताना तो सोबत चिकटून आलेला असू शकतो. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने अधिक काटेकोरपणे शुद्ध केलेला विकर घेऊन तांब्याचा तोच प्रयोग केला आणि एलडीएलला कोणतेही संरक्षण मिळाले नाही. पूर्वी दिसलेला परिणाम शुद्धीकरणात वापरलेल्या डिटर्जंटचा आणि सोबत राहिलेल्या लहान रेणूंचा होता, असे त्यांचे म्हणणे पडले. याखेरीज अपोलिपोप्रोटीन ए-१ स्वतःच पेरॉक्साइडे निष्प्रभ करू शकते, हेही माहीत होते. म्हणजे १९९१ च्या निष्कर्षाचा पायाच डळमळीत झाला, असे वाटावे अशी ही परिस्थिती होती.

तरीही माझ्या मते परीक्षानळीतील या वादाला गरजेपेक्षा जास्त वजन दिले गेले. उंदरांचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. तेथे शुद्धीकरणाचा प्रश्नच येत नाही. जनुक काढले की थर वाढतो, आणि मानवी जनुकाच्या जादा प्रती घातल्या की तो घटतो, हे दोन्ही बाजूंनी दिसले आहे. शिवाय २००५ मध्ये या विकराचे मूळ काम बहुधा लॅक्टोन नावाची वलयाकार संयुगे उघडण्याचे असावे, असे पुढे आले. कीटकनाशक फोडणे ही त्याची आनुषंगिक क्षमता ठरली. मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होताना लॅक्टोनसारखी संयुगे तयार होतात. त्यामुळे हा विकर ऑक्सिडीकरण थेट रोखत नसून त्यातून निघालेल्या घातक पदार्थांची विल्हेवाट लावत असावा, असे मानले तर परीक्षानळीतील अपयश आणि उंदरांतील यश यांचा मेळ बसतो. ‘अँटिऑक्सिडंट विकर’ हे वर्णन सैल आहे, पण निराधार नाही. २०१३ मध्ये तर असेही दिसले की सुजलेल्या धमनीतील मायलोपेरॉक्सिडेज हा विकर आणि पॅराऑक्सोनेज एकाच एचडीएल कणावर एकत्र येतात आणि एकमेकांना आवर घालतात. मायलोपेरॉक्सिडेजचा जोर वाढला की पॅराऑक्सोनेजचीच मोडतोड होते आणि एचडीएल नावापुरते चांगले उरते.

याच सुमारास एचडीएलच्या आकड्यावरचा विश्वासही ओसरत होता. एचडीएल सुमारे ७० टक्क्यांनी वाढवणारे एक औषध २००६ मध्ये चाचणीतच थांबवावे लागले, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसले की जन्मतःच एचडीएल अधिक असणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्यापासून अपेक्षित संरक्षण मिळत नाही. तालुक्याच्या शिबिरात मिळणाऱ्या अहवालावर ‘एचडीएल ३८’ असे छापून शेजारी कमी असल्याची खूण केलेली असते. ती खूण निरर्थक नाही, पण त्या कणांत किती कोलेस्टेरॉल आहे एवढेच ती सांगते. कणांवरचे विकर कामात आहेत की नाहीत हे त्या आकड्यात येत नाही.

पॅराऑक्सोनेजबाबत मोजावे काय, यावरही असाच घोळ झाला. वर्षानुवर्षे जनुकाचा प्रकार पाहून हृदयविकाराशी संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि २००४ मध्ये ४० हून अधिक अभ्यास एकत्र केले तेव्हा तो संबंध अगदीच क्षीण निघाला. प्रत्यक्ष क्रियाशीलता मोजणाऱ्या अभ्यासांत मात्र, २००८ च्या एका मोठ्या रुग्णगटासह, कमी क्रियाशीलता आणि पुढचे हृदयविकार यांचा संबंध दिसला. धूम्रपान आणि मधुमेह यांत ही क्रियाशीलता घटते. येथे रक्त कोणत्या नळीत घेतले हेही निर्णायक ठरते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते आणि ते कॅल्शियम पकडून ठेवते. त्या नळीत हिमोग्रामसाठी घेतलेल्या रक्तात पॅराऑक्सोनेज मेल्यातच जमा असतो. लाल झाकणाच्या साध्या नळीतील सीरम किंवा हेपरिन घातलेले रक्तच त्यासाठी चालते.

आता पुन्हा वावराकडे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात, माणसाच्या उंचीला आलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. डोक्याच्या पातळीवर फवारा मारावा लागत असल्याने औषध तोंडावर, मानेवर, भिजलेल्या सदऱ्यावर येत होते. त्यानंतर राज्य शासनाने पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन ही होती, तसेच डायफेन्थ्युरॉन आणि फिप्रोनिल असलेले एक वेगळे मिश्रण हीही होती. शेवटची दोन ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे पॅराथिऑनच्या वर्गातली, नाहीत. म्हणून ‘रक्तातला विकर विषापासून वाचवतो’ हे सरसकट वाक्य या मुलखात धोक्याचे आहे.

या विकराचे संरक्षण ज्यांच्याबाबत नीट सिद्ध झाले ती रसायने म्हणजे क्लोरपायरीफॉस आणि डायझिनॉन यांची शरीरात तयार होणारी जहाल रूपे. बाहेरून विकर टोचलेल्या उंदरांना क्लोरपायरीफॉसपासून संरक्षण मिळाले होते. पण २००० मध्ये असेही दिसले की विकर नसलेले उंदीर पॅराऑक्सॉनला अधिक बळी पडत नाहीत, कारण शरीरात पॅराऑक्सॉनचे जे प्रमाण असते त्यावर या विकराचा वेग पुरेसा पडत नाही. ज्या विषावरून त्याला नाव मिळाले त्याच विषापासून तो प्रत्यक्षात फारसे वाचवत नाही. विषबाधा झालेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात वेळेवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन मिळणे आणि कोलिनेस्टरेजची तपासणी जवळच होणे, याला चांगल्या कोलेस्टेरॉलचा कोणताही आकडा पर्याय ठरत नाही.

सर्वांत कमी संरक्षण लहान मुलांना असते. नवजात बालकात या विकराची पातळी प्रौढांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच असते आणि पहिल्या दोन वर्षांत ती झपाट्याने वाढते. कॅलिफोर्नियातील शेतमजूर कुटुंबांच्या अभ्यासात मात्र अनेक मुलांची पातळी सातव्या वर्षीही आईपेक्षा कमी आढळली. ज्या घरात औषधाचे डबे धान्याच्या कोठीशेजारी ठेवले जातात आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळतात, तेथे अंशाअंशाने शरीरात जाणारे विष प्रौढांपेक्षा या मुलांच्या रक्तात अधिक काळ टिकण्याची शक्यता असते.