किरणोत्सव (अंबाबाई मंदिर, कोल्हापूर)

मावळत्या सूर्याची किरणे करवीरनिवासिनी अंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) मूर्तीवर थेट पडण्याचा सोहळा. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. परंपरेने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी हे त्याचे दिवस. अलीकडे लगतचे दिवसही धरतात.

या दोन तारखा 21 डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या दक्षिणायनान्ताच्या अलीकडे-पलीकडे जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे सहा आठवड्यांवर आहेत. दोन्ही वेळी सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सुमारे 17 अंश दक्षिण असते आणि कोल्हापूरच्या अक्षांशावर (सुमारे 16.7 अंश उत्तर) तो पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे 18 अंशांवर मावळतो. क्रांतीत रोज पडणारा फरक पाव अंशाच्या आसपास, म्हणजे अर्ध्या अंशाच्या सूर्यबिंबाहूनही कमी. सोहळा एका दिवसात न संपता काही दिवस चालतो तो यामुळेच.

किरणे महाद्वारातून गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरठा असा टप्पा घेत गाभाऱ्यात येतात. सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणे आडवी होतात आणि उजेड वर चढतो : आधी चरण, मग कंबर, शेवटी मुख. हिशेबाला द्वार मूर्तीपासून 100 मीटरवर धरले, तर सूर्य एक अंश उतरताना उजेड सुमारे पावणेदोन मीटर चढेल, आणि याला सुमारे साडेचार मिनिटे लागतील. मूर्ती पावणेतीन फुटांच्या आसपास. म्हणजे चरणांपासून मुखापर्यंतचा प्रवास दोन-सव्वादोन मिनिटांचा. याच वेळी सूर्य किंचित उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून उजेड देवीच्या डाव्या बाजूला कलत जातो.

पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम सांगतात. मात्र नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेकडे सरकतो, फेब्रुवारीत उत्तरेकडे. दोन्ही वेळी एकच क्रम भूमितीतून निघत नाही. तो ढोबळ मानणे योग्य.

ही रचना हेतुपुरस्सर होती का, यावर मतभेद आहेत. मंदिराचा जुना भाग सर्वसाधारणपणे चालुक्यकालीन मानला जातो, पुढे शिलाहार काळात भर पडली. मूर्तीची पुनःप्रतिष्ठा 1715 मध्ये झाल्याचे सांगतात आणि गरुड मंडप तर 19 व्या शतकातला. त्यामुळे आजची किरणांची वाट जशीच्या तशी मूळची समजणे धाडसाचे. गाभाऱ्याचे दिशासाधन मात्र जाणीवपूर्वक केलेले असणे अधिक संभवनीय वाटते. संपातचलनाने (पृथ्वीच्या अक्षाच्या अतिसंथ गिरकीने) तारखा सरकल्या असाव्यात हा तर्क टिकत नाही, कारण आपले चालू कॅलेंडर ऋतूंशी, पर्यायाने क्रांतीशी बांधलेले आहे.

क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, तांबूस-सोनेरी उरतो. ढग, धूलिकण आणि बाष्प त्याची तीव्रता घटवतात. पश्चिमेकडील बांधकामांचा अडथळा याहून गंभीर. मूर्तीपासून 200 मीटरवर किरणांच्या रेषेत पावणेदोन मीटरची भर पडली, तरी शेवटचा अर्धा अंश झाकला जातो. एखाद्या गच्चीवरची पाण्याची टाकीही मुखावरचा उजेड अडवायला पुरते.