पाण्यात काय आणि किती मिसळायचं? परफॉर्मन्स गाड्यांच्या कूलंटमागची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी एका टर्बो गाडीच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं झाकण उघडलं. आत गुलाबी कूलंट असायला हवं होतं आणि होता गढूळ तपकिरी गाळ, बोट लावलं तर चिकट, झाकणाच्या रबरावरसुद्धा त्याचा थर बसलेला. आधीच्या मालकाने लेव्हल कमी दिसली म्हणून गुलाबीत हिरवं ओतलं होतं, बाकी काही नाही. रेडिएटर खाली काढला तर बारीक नळ्यांच्या तोंडाशी तोच गाळ अडकलेला. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो की रंग बघून कूलंट भरू नका, आणि का भरू नका हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात साध्या पाण्याने झाली. कार्ल बेंझच्या १८८५ च्या गाडीत सिलिंडरभोवतीचं पाणी सरळ उकळून वाफ होऊन जायचं आणि चालवणाऱ्याने ते सारखं भरत राहायचं. मग विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमाराला मर्सिडीजच्या ३५ हॉर्सपॉवर गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, आठ हजारांहून जास्त बारीक चौकोनी नळ्यांचा, आणि तेव्हापासून तेच तेच पाणी थंड करून परत फिरवणं खऱ्या अर्थाने जमायला लागलं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तर बहुतेक गाड्यांना वॉटर पंपच नव्हता, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली येतं एवढ्यावर काम भागायचं.

उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, ग्लायकॉलला (गोठू नये म्हणून पाण्यात मिसळतात तो द्रव) साधारण २.४. म्हणजे तेवढीच उष्णता उचलायला ग्लायकॉल जास्त फिरवावं लागतं, वर ते दाट, त्यामुळे पंपावर लोड. पण पाण्याच्या तीन खोडी आहेत, ते गोठतं, १०० डिग्रीला उकळतं आणि धातू गंजवतं. कूलंटचा सगळा इतिहास म्हणजे या तीन खोडी काढायची धडपड आहे असं मला वाटतं, पाण्याला पूर्ण पर्याय शोधायचे प्रयत्नही झाले पण फिरून गाडी पाण्यावरच आली.

गोठण्याचा त्रास सगळ्यात आधी जाणवला कारण गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकच तडकतो. लोकांनी अल्कोहोल घातलं, ते उडून जायचं. कॅल्शियम क्लोराइड घातलं, त्याने धातू खाल्ला. ग्लिसरीन दाट पडलं. एथिलीन ग्लायकॉल फ्रान्समध्ये शार्ल-अडोल्फ वुर्त्झने १८५६ मध्येच बनवलं होतं, पण गाडीत घालण्याइतकं मोठ्या प्रमाणात ते बनायला १९२० चं दशक उजाडलं. १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन नावाने ते बाजारात आलं आणि तिथून अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं रसायन) म्हणजे ग्लायकॉल हे समीकरण पक्कं झालं.

परफॉर्मन्सच्या दृष्टीने खरा धडा मात्र विमानांनी दिला, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. वेगवान विमानात मोठा रेडिएटर म्हणजे हवेचा मोठा अडथळा. कूलंट जास्त गरम ठेवता आलं तर रेडिएटर लहान करता येतो, कारण बाहेरच्या हवेशी तापमानाचा फरक वाढतो. रोल्स-रॉइसने गॉसहॉक इंजिनमध्ये वाफेवर कूलिंग करून बघितलं, सुपरमरीनच्या टाइप २२४ विमानात ते बसवलंही, पण जमलं नाही, इंजिन तापायचंच. मग रोल्स-रॉइसच्याच सुरुवातीच्या मर्लिन विमान इंजिनांमध्ये शुद्ध ग्लायकॉल आलं, कारण ते १९७ डिग्रीपर्यंत उकळत नाही. कागदावर एकदम भारी. पण उष्णता कमी वाहतं, जोडांमधून झिरपतं आणि शुद्ध ग्लायकॉल पेटूही शकतं. म्हणून स्पिटफायर मार्क २ मधल्या मर्लिन १२ ला ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल आलं, आणि उकळू नये म्हणून सिस्टीमच प्रेशरखाली ठेवली. म्हणजे उत्कलनबिंदू वाढवायचं काम ग्लायकॉलकडून काढून प्रेशरकडे दिलं आणि उष्णता वाहायचं काम पुन्हा पाण्याकडे.

आपल्या गाडीच्या रेडिएटर कॅपमागे नेमकी हीच कल्पना आहे. ५०-५० मिश्रण उघड्यावर साधारण १०७ डिग्रीला उकळतं, १५ पीएसआय (प्रेशरचं एकक) च्या कॅपखाली तेच १२९-१३० पर्यंत जातं. जोरात चालवताना हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू एवढा तापतो की तिथे बारीक बुडबुडे धरतातच. प्रेशर चांगलं असेल तर ते लगेच विरतात आणि उलट उष्णता उचलून नेतात, प्रेशर कमी पडलं तर वाफेचा सलग थर बसतो, मग त्या जागी कूलंट धातूला लागतच नाही आणि हेड वाकतं किंवा गॅस्केट जातं. म्हणून सैल पडलेली जुनी कॅप ही महागड्या कूलंटपेक्षा आधी बदलायची गोष्ट आहे.

आता रंगांची भानगड. गंज थांबवायला जी रसायनं घालतात ती जगात वेगवेगळ्या वाटेने गेली. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट वगैरे असायचं, ते सगळ्या धातूवर पटकन थर धरतं पण दोन-तीन वर्षांत संपतं. युरोपवाल्यांनी फॉस्फेट टाळलं, कारण कठीण पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा क्षार बसतो. जपानवाल्यांनी सिलिकेट टाळलं, वॉटर पंपाच्या सीलवर परिणाम होतो म्हणून, आणि फॉस्फेट ठेवलं. १९९० च्या दशकाच्या मध्याला ऑरगॅनिक अ‍ॅसिडवाली पिढी आली, जनरल मोटर्सचं नारिंगी डेक्स-कूल, फोक्सवॅगनचं जी१२. यात सगळीकडे जाड थर बसत नाही, जिथे गंज धरायला लागतो तिथेच ते काम करतं, म्हणून पाच वर्षं वगैरे टिकतं आणि धातूकडून उष्णता घेण्यात आड येत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनांना हे मानवतं. नंतर दोन्हींचं मिश्रण असलेली हायब्रिड आली. फोक्सवॅगनचं आधीचं, सिलिकेटवालं जी११ आणि सुरुवातीचं जी१२ एकत्र केलं की तपकिरी गाळ होतो हे तेव्हाच कळलं होतं, पुढच्या जी१२ प्लसमध्ये ती अडचण बरीच सुटली. रंग ही नुसती डाय आहे, त्याचा कुठलाही जागतिक नियम नाही, एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी यांचा आत काहीही संबंध नसू शकतो. मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन नंबर बाटलीवर छापलेला आहे का तेवढं बघायचं.

रेसिंगमध्ये पुन्हा पाणीच. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते, कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि ते लवकर सुकत नाही. तिथे डिस्टिल्ड पाणी, त्यात गंजरोधक आणि पृष्ठताण कमी करणारं वेटिंग एजंट, एवढंच घालतात. फॉर्म्युला वनमध्येही पाणी प्रेशरखाली फिरवतात, ३.७५ बारची मर्यादा नियमातच आहे. बिनपाण्याचं कूलंटही मिळतं, उत्कलनबिंदू फार वर, प्रेशर जवळजवळ नाही, पण उष्णता कमी वाहतं म्हणून हेडचं तापमान वाढतं. मी स्वतः ते घालणार नाही.

रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला, जिथे कडाक्याची थंडी नाही तिथे, ३०-४० टक्के ग्लायकॉल मला योग्य वाटतं, म्हणजे मर्लिनच्याच आसपास. फक्त कंपनीने गंजरोधकासाठी जे किमान प्रमाण दिलंय त्याच्या खाली जायचं नाही. आणि जास्त घातलं की जास्त चांगलं हेही खरं नाही, ५०-५० साधारण उणे ३७ ला गोठतं पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच.

मिसळताना सगळ्यात जास्त चूक होते ती फ्लश केल्यावर. समजा सिस्टीम ८ लिटरची आहे, साध्या पाण्याने धुतली आणि खालून ५ लिटरच निघालं, म्हणजे ब्लॉकमध्ये ३ लिटर पाणी अजून आहे. आता वरून ५ लिटर तयार ५०-५० ओतलं तर ग्लायकॉल फक्त अडीच लिटर, म्हणजे ३१ टक्के, आणि आपण समजतो ५०. खरंच ५० हवं असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग वर १ लिटर डिस्टिल्ड पाणी. शेवटचा फ्लशसुद्धा डिस्टिल्डनेच करा, नाहीतर आत राहिलेलं ३ लिटर नळाचं पाणीच क्षार घेऊन येतं. सिस्टीममधली हवा काढा, गाडी गरम करून पूर्ण गार होऊ द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं छोटं उपकरण) एक थेंब टाकून आकडा वाचा.