वायफाय तुटलं की इंटरनेट गेलं?

घरात नेट बंद पडलं की पहिला हात राउटरच्या स्विचकडे जातो. बंद करायचं, दहा मोजायचे, पुन्हा चालू करायचं. बऱ्याचदा नेट परत येतंही, आणि घोटाळा तिथेच होतो. संगणक राउटरपासून तुटला असो की राउटर बाहेरच्या लाईनपासून, रीस्टार्टने दोन्ही वेळा थोडा वेळ भागून जातं. त्यातून बहुतेक घरगुती राउटर आपल्या नोंदी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात, म्हणजे वीज गेली की नोंदीही गेल्या. बिघाड तसाच राहतो आणि पुरावा तेवढा पुसला जातो. म्हणून आग्रहाने सांगतो, स्विचला हात लावण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि नेमकं काय तुटलंय ते पाहून घ्या.

तुटू शकतील असे टप्पे दोन. एक घरातला, संगणकापासून राउटरपर्यंत. दुसरा बाहेरचा, राउटरपासून खांबावरून किंवा गच्चीवरून येणाऱ्या फायबरने ऑपरेटरपर्यंत. मोबाईलवरची वायफायची खूण फक्त पहिल्या टप्प्याची साक्ष देते. ती पूर्ण भरलेली असूनही बाहेरची लाईन मेलेली असू शकते. उलट बाहेरची लाईन ठणठणीत असताना आतल्या खोलीतला लॅपटॉप दर अर्ध्या तासाने सुटू शकतो, आणि तक्रार मात्र ऑपरेटरकडे जाते. मग त्यांचा माणूस येतो, राउटरजवळ उभा राहून स्पीड दाखवतो आणि निघून जातो. त्याचंही खरं असतं, तुमचंही.

दोन्ही टप्पे वेगळे ओळखायची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे पिंग (ping): एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरचा पत्ता पिंग करा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; वेगळा असेल तर आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड दिल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसेल. दुसरीत गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता पिंग करा. दोन्ही कमांडच्या शेवटी जागा सोडून वजा-टी (-t) लावा, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहील. आता नेट अडकायची वाट पाहा. दोन्ही खिडक्यांत ‘टाइम्ड आउट’ येऊ लागलं तर तुटलंय घरात. राउटर उत्तर देतोय आणि फक्त ८.८.८.८ गप्प आहे, तर तुटलंय बाहेर. दोन्ही उत्तरं येतायत, पण साइटचं नाव घालून पिंग केलं की नावच सापडत नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची आहे. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहावं.

दोन्ही खिडक्या एकदम गप्प झाल्या तर अजून एक शंका उरते: वायफाय सुटलं की राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा चालू झाला? त्यासाठी संगणक लॅन केबलने राउटरला जोडून हाच प्रयोग पुन्हा करा. केबलवर तासन्‌तास काही होत नाही आणि वायफायवर होतं, तर दोष वायफायचा. केबलवरही दोन्ही गप्प होत असतील तर राउटरच्या पानावर (त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं ते) ‘अपटाइम’, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते पाहा. सकाळपासून चालू असलेला राउटर अपटाइम वीस मिनिटं दाखवत असेल, तर तो मधेच बसला होता.

आपल्या नागपुरात हे बसणं उन्हाळ्यात जास्त होतं, आणि त्याला कारण आहे. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात इथे बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, आणि राउटर ठेवलेला असतो माळ्यावर, तापलेल्या स्लॅबच्या खाली, नाहीतर टीव्हीच्या बंद कपाटात. त्याला खाली मोकळ्या हवेत आणा. अॅडॉप्टरही तपासा. १२ व्होल्टचा जुना अॅडॉप्टर कमजोर झाला की लाईटचा जरासा झटका बसला तरी राउटर रीस्टार्ट होतो. लाईट जाऊन घर इन्व्हर्टरवर येताना दर वेळी नेट तुटत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे झटकन बदल करणाऱ्या सेटिंगवर आहे का ते बघा. राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस लावणं हा त्यावरचा सरळ उपाय.

वायफायच्या दोषातही एक आपल्याकडचा नमुना आहे. मार्चपर्यंत सगळं ठीक असतं आणि एप्रिलमध्ये मागच्या खोलीतलं नेट सुटायला लागतं. मधल्या काळात घरात बदललं काय? कूलर बसला. पत्र्याचा डबा, आत पाणी, ओल्या ताट्या. पत्रा वायफायचे तरंग परतवतो आणि पाणी ते शोषतं. राउटर आणि संगणक यांच्या सरळ रेषेत कूलर येत असेल तर राउटर दोन हात बाजूला सरकवून बघा.

बाकी कारणं सगळीकडची. वायफाय मुख्यतः दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, आणि प्रत्येकात चॅनल असतात. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मनीषनगरसारख्या फ्लॅटच्या दाटीत शेजारचे डझनभर राउटर तेवढ्यातच कोंबलेले असतात. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा मोकळी, पण भिंतीपलीकडे ताकद लवकर संपते. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर काही लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारत राहतात आणि प्रत्येक उडीला क्षणभर सुटतात. दोन वेगळी नावं दिली की संशय मिटतो. ५ गिगाहर्ट्‌झचा चॅनल स्वतः निवडायचा तर ३६ ते ४८ मधला घ्यावा. ५२ पासून पुढच्या बऱ्याच चॅनलांवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाप्रमाणे ती जागा सोडावी लागते. आणि एकच लॅपटॉप सुटत असेल, बाकी घर मजेत असेल, तर राउटरला दोष देऊ नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अॅडॉप्टरला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची जी परवानगी असते ती काढून टाका.

एक बिघाड मात्र घरातल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बिघाडांसारखा दिसतो. ऑपरेटरच्या डब्याला आपला दुसरा राउटर लॅन-टू-लॅन (दोन्हींच्या लॅन खाचांत केबल घालून) जोडला आणि दोन्हींत डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, चालू राहिली, की घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. काही संगणकांना एकाकडून पत्ता मिळतो, काहींना दुसऱ्याकडून. कुणाचं चालतं, कुणाचं नाही, आणि उद्या उलटं. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला पहिल्यापेक्षा वेगळा पत्ता द्या. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कुणीच पत्ता दिला नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच घेतलाय असं समजा.

बाहेरच्या टप्प्यात आपल्या हातात फार काही नसतं, पण ओळखता येतं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल झाला तर प्रकाश पोचतच नाहीये: कुठेतरी केबल तुटली, निघाली किंवा फार वाकली. रस्ता खणलेला असतो, वादळात फांदी पडते, गच्चीवर कुणी केबल ओढलेली असते. दिवा लाल नाही आणि तरी नेट जातं, तर डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएममध्ये), पाहा. उणे २० च्या आसपासचा आकडा चांगला. उणे २७ कडे सरकलेला असेल तर लाईन काठावर आहे. घरातली बारीक पिवळी केबल दारात चेमटली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळली गेली तरी हा आकडा घसरतो. तिचं टोक काढून डोळ्यांसमोर मात्र धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

एलओएस ठीक, पॉवर ठीक आणि तरी फक्त इंटरनेटचा दिवा विझतो, तर ऑपरेटरकडचं लॉगिन तुटतंय. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. केबलने जोडलेला संगणक, राउटरचं पिंग चालू, ८.८.८.८ बंद, किती वाजता, किती मिनिटं, दिव्यांचे रंग आणि पॉवरचा आकडा, हे सगळं लिहून द्या. दोन्ही पिंग खिडक्यांचा वेळ दिसणारा एक फोटो सोबत जोडा.