कोळसा खाणींतली रोजगारघट

खाणीतल्या नोकऱ्या गेल्या म्हटलं की कोळसा संपला असणार असं वाटतं, पण भारतात झालंय उलटंच. कोल इंडिया ही सरकारी कंपनी १९७५ साली सुरू झाली तेव्हा वर्षाला साधारण ८ कोटी टन कोळसा निघायचा, २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांच्या वर निघाला, आणि परमनंट कामगार मात्र १९८०च्या दशकातल्या साडेसहा लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आसपास आले.

मुख्य कारण म्हणजे अंडरग्राउंड खाणी मागं पडल्या आणि ओपनकास्ट, म्हणजे वरची माती काढून उघड्यावर खणायच्या खाणी आल्या. अंडरग्राउंडला माणूसच लागायचा, सुरुंग उडाला की लोडर फावड्यानं कोळसा टबमध्ये, म्हणजे रुळावरच्या छोट्या डब्यात भरणार, कुणी छताला टेकू लावणार, कुणी टब ओढणारं हॉलेज सांभाळणार, वर लॅम्परूममध्ये शिफ्टच्या आधी प्रत्येकाच्या हातात टोपीचा दिवा द्यायलाही माणसं. ओपनकास्टमध्ये खोदणारं एक मोठं यंत्र, म्हणजे शॉवेल, आणि काही डंपर तेवढाच कोळसा उरकतात.

विदर्भात चंद्रपूर-बल्लारपूर, वणी, उमरेडच्या खाणी वेकोलिच्या, म्हणजे कोल इंडियाच्याच वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीच्या, ऑफिस नागपूरला. इथं प्रश्न जमिनीचाही आहे. कोल इंडियाच्या २०१२च्या धोरणात खाणीसाठी घेतलेल्या दोन एकरांमागं एक नोकरी आहे, म्हणजे ज्याच्याकडं एकच एकर आहे त्यानं दुसऱ्याच्या जमिनीशी जोडून घ्यायची आणि नोकरी दोघांत एकालाच. शेत दोघांचंही जातं, हे फार वाईट आहे.

बाहेर प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. ब्रिटनमध्ये १९२० च्या सुमारास १२ लाखांच्या आसपास खाणकामगार होते, १९८४-८५ चा संप मोडला, मग खाणी भराभर बंद झाल्या आणि गावंच्या गावं बसली, शेवटची खोल खाण केलिंग्ली डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. अमेरिकेत ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातलं काम मशीननी आणि वायोमिंगच्या उघड्या खाणींनी खाल्लं. जर्मनीत रूर भागातही खाणी गेल्याच, पण त्यांनी कित्येक दशकं घेतली, लवकर पेन्शन दिली, दुसरं काम शिकवलं, आणि डिसेंबर २०१८ ला दगडी कोळशाची शेवटची खाण प्रॉस्पर-हानिएल बंद केली. माझ्या मते आपण बघायचं तर रूरकडं.

आपल्याकडं खाणीत माणसं आजही आहेत, फक्त ती ठेकेदाराची. माती काढणारा, कोळसा वाहणारा डंपर ड्रायव्हर त्याच धुळीत शिफ्ट करतो, पण त्या सव्वादोन लाखांत तो मोजलाच जात नाही आणि त्याचा पगार परमनंटवाल्याच्या जवळपासही नसतो.