मौखिक इतिहास व स्वरलेखन संग्रह (गोवा)

विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एक स्वतंत्र दालन. लोकांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, त्याची लिखित प्रत आणि गायक-वादकांच्या हातची स्वरलिपी असे तीन प्रकारचे साहित्य येथे एकत्र जपले जाते. सरकारी दप्तर पुरालेखागारात जाते आणि छापील पुस्तक ग्रंथालयात. उत्सवी नाटकाच्या पेटीवाल्याची (हार्मोनियमवादकाची) वही, चर्चमधल्या व्हायोलिनवादकाचा सुटा कागद आणि मांडावर (गावातल्या पवित्र अंगणात) धालो ही लोकगीते गाणाऱ्या बाईचा आवाज या दोन्ही ठिकाणी बसत नाही, म्हणून हे दालन लागते.

गोव्याला जुन्या कागदाची परंपरा मोठी आहे. येथील पुरालेखागाराची सुरुवात १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु यांच्या नेमणुकीने झाली. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले आणि ताळगावच्या पठारावरील त्याच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह आहे. पण ही परंपरा लिहिलेल्या शब्दाची. सूर आणि बोली यांचा माग वेगळ्या रीतीने काढावा लागतो.

स्वरलेखनाचे प्रवाह

गोव्यात संगीत कागदावर उतरवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. एक पाश्चात्त्य पाच रेघांची. चर्चच्या पॅरिश शाळेतला मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फ (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवी. लादाइन्य ही प्रार्थनागीते, उपासकाळातले मोतेत (चर्चमधली भक्तिगीते) आणि पुढे मांडो, धुलपद, देखणी ही कोंकणी गाणी या पद्धतीने लिहिली गेली. मांडो बहुधा सहा-चारच्या संथ मात्रेत असतो आणि दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतराने बरोबर चालतो. मिकाएल मार्टिन्स यांनी जोझे परेरा यांच्यासह या गीतप्रकारांचे स्वरलेखनासकट संकलन केले.

दुसरी रीत सा-रे-ग-म ची. मंगेशी, केरी, कुर्डी या गावांची नावे दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यामुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यामागे घरोघरी वह्या बाळगणारे पेटीवाले, तबलजी, भजनी बुवा आणि नाटकवेडे होते. त्यांच्या वह्यांत भातखंडे आणि पलुसकर या संगीतज्ञांच्या दोन्ही लिपी आढळतात, पुष्कळदा एकाच वहीत. येथेच सूचिकाराची (साहित्याची सूची करणाऱ्याची) पहिली चूक होते. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब तार (वरचे) सप्तक दाखवतो, तर पलुसकर लिपीत तोच टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचा. भातखंड्यांची सम (तालाची पहिली मात्रा) × अशी आणि 'खाली' (टाळीविना दाखवायची मात्रा) ० अशी. पलुसकरांची सम १ अशी आणि 'खाली' + अशी. फिकट शाईतला तिरका + आणि × यांत फरक करता आला नाही, तर सगळी चीज (बंदिश) उलटी वाचली जाते. म्हणून नोंदीत आधी लिपी ठरवावी, मग राग-ताल लिहावा. कोमल स्वर पाहिला की लिपी कळते: स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, हलन्तासारखी खूण असेल तर पलुसकर.

तिसऱ्या प्रकाराला लिपीच नाही. धालो, फुगडी, ओवी, जागर, घुमटावरच्या (मडक्याला कातडे लावलेल्या वाद्यावरच्या) आरत्या आणि घुमटवादनाची सुवारी ही सगळी तोंडी चालली. घुमट, शामेळ (नगाऱ्यासारखे वाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांचे बोल फार तर कुणी वहीच्या मागच्या पानावर टिपलेले असतात. या प्रकारात ध्वनिमुद्रण हीच मूळ संहिता मानावी.

कागद दाखल करताना

कागदांची पेटी घरातून येते ती बहुधा माळ्यावरून किंवा कपाटाच्या तळातून. पावसाळ्यात ती उघडू नये, कारण जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि झोपलेली बुरशी त्या दमटपणात जागी होते. आलेले साहित्य दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. कसर किंवा वाळवी दिसल्यास कागद पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस तशीच राहू द्यावी, नाहीतर गार कागदावर दव धरते. गोठवल्याने किडे मरतात, बुरशी मात्र मरत नाही. ती वाळवून, मऊ कुंचल्याने आणि बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने काढावी लागते. चुंबकीय फिती कधीही गोठवू नयेत.

सर्वांत जास्त नासधूस सेलोटेपने केली आहे. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, तिथली शाई तपकिरी होते आणि काही वर्षांनी पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. गरम लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत उलगडता येत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरावी. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात लिहावा.

वाद्यवृंदाचा गठ्ठा आला की आधी मोजणी करावी. पूर्ण स्वरपट क्वचित सापडतो. असतात ते प्रत्येक वाद्याचे सुटे कागद: पहिला व्हायोलिन, दुसरा व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि रेबेकांव, म्हणजे डबल बेस. एखादा कागद हमखास हरवलेला असतो आणि तो बहुधा रेबेकांवचा, कारण तो वादक दुसऱ्या गावातून बोलावलेला असे व कागद सोबत घेऊन जाई. हरवलेल्या भागाची नोंदही सूचीत स्पष्ट करावी.

या कागदांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या नसतात. ही सूचना साधी वाटेल, पण 'स्वच्छ' प्रत मिळवण्याच्या उत्साहात नेमके हेच घडते. समजा एखाद्या दुसऱ्या व्हायोलिनच्या कागदाच्या शेवटी तीन तारखा, तीन गावे आणि वेगवेगळ्या हातांची आद्याक्षरे आहेत. मधल्या आठ मात्रांवर काट मारली आहे. खालचा उजवा कोपरा बोटांच्या तेलाने काळपट झाला आहे. एवढ्यावरून तो कागद किती वर्षे फिरला, कुणाकुणाच्या हातात होता, फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) गाणे कुठे आखूड केले जाई, हे सगळे कळते. छापील प्रतीत यातले काही नसते.

छायाप्रत ४०० ठिपके प्रति इंच, रंगीत, टिफ स्वरूपात घेतात. ए-४ आकाराचे एक पान सुमारे ४६ मेगाबाइटचे होते. कोरी पानेही स्कॅन करावीत, कारण वहीचा क्रम त्यावरून कळतो.

मुलाखत

पहिली भेट यंत्राशिवाय घ्यावी. दुसऱ्या भेटीत बसण्याची जागा ठरवताना छताचा पंखा, फ्रिज आणि रस्ता या तिघांकडे लक्ष असावे. पंख्याची घरघर नंतर पुसायला गेले की आवाजाचा गाभाही पुसला जातो. पावसात पत्र्याखाली मुद्रण करण्यात अर्थ नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूप हे किमान मान. दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे एक गिगाबाइट होतो. एक लहान माइक बोलणाऱ्याच्या छातीशी आणि दुसरा वाद्यापासून मीटरभर दूर ठेवावा. पातळी ठरवताना बोलून दाखवायला सांगण्याऐवजी घुमटावर जोरात थाप मारायला सांगावे आणि ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. बोलण्यावर पातळी लावली तर पहिल्याच थापेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

घुमटाचे कातडे कोणते हेही विचारून लिहावे. पूर्वी घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. नाद बदलतो, म्हणून जुन्या आणि नव्या मुद्रणांची तुलना करताना ही एक ओळ फार उपयोगी पडते.

मुद्रणाच्या सुरुवातीस तारीख, गाव, वाडा, तालुका आणि हजर असलेल्यांची नावे मोठ्याने सांगावीत. तालुका सोडू नये: केरी नावाची गावे फोंड्यात, सत्तरीत आणि पेडण्यात आहेत, आणि केसरबाईंची केरी फोंड्यातली. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नये. प्रत्येक गाण्यानंतर चार प्रश्न ठरलेले असावेत: हे कुणाकडून आले, कुठल्या प्रसंगी गातात, दुसरा आवाज कोण धरी, आणि केव्हा गायचे नसते. शेवटचा प्रश्न विसरला जातो, पण धालो पौषात, मांडावर गायचे असतात. दिवाणखान्यात, भलत्या महिन्यात गायला बाया का कू करतात ते उगाच नाही. अशा वेळी हंगामापर्यंत थांबावे.

विस्थापित गावांच्या मुलाखतींना वेगळी तयारी लागते. साळावली धरणात बुडालेले कुर्डी उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरल्यावर वर येते आणि लोक तेथे जमतात. त्या दिवशी चालत चालत केलेल्या मुद्रणात जागांची नावे आपोआप येतात. घरी बसून विचारली तर निम्मी आठवत नाहीत.

लिप्यंतर बोलल्याप्रमाणे करावे. गोव्यात माणूस घरात कोंकणी बोलतो, आरती मराठीत म्हणतो, हिशेबाचे शब्द पोर्तुगीज वापरतो आणि हे तिन्ही एका वाक्यात येऊ शकतात. त्याची शुद्ध मराठी करणे म्हणजे पुरावा बदलणे. सारांश वेगळा, प्रमाण मराठीत लिहावा. एका तासाच्या मुलाखतीला सहा ते आठ तास धरावेत. गाणी असतील तर अधिक.

जुन्या कॅसेट

खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट लावली की हेड (यंत्रातला फीत वाचणारा भाग) खराब होते आणि पुढच्या दहा कॅसेटना लागण होते. दाबाची गादी (फीत हेडवर टेकवणारा कॅसेटमधला तुकडा) गळली असेल तर फीत नव्या कवचात घालतात. मुद्रणापूर्वी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्याचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने जुळवावा. हा कोन चुकला तर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो आणि लोक दोष फितीला देतात. सी-१२० ची (१२० मिनिटांच्या कॅसेटची) फीत पातळ असते, ती भरभर गुंडाळू नये. वेग पुढेमागे झाल्याचा संशय आल्यास पेटीचा सूर तपासतात, पण जुनी पेटी स्वतःच उतरलेली असू शकते. तेव्हा मूळ प्रतीत दुरुस्ती न करता शंका फक्त नोंदीत लिहावी.

जोडणी आणि सूची

संग्रहाचे खरे मोल जोडणीत आहे. स्वरलिपीच्या नोंदीत संबंधित मुलाखतीचा क्रमांक आणि मिनिट-सेकंद, तर मुलाखतीच्या अनुक्रमणिकेत त्या कागदाचा क्रमांक, असा दुहेरी दुवा हवा. मांडोच्या कागदावर दोन आवाज आणि शब्द असतात, घुमटाचा ठेका नसतो. तो मुद्रणातच मिळतो. उलट मुद्रणात वयोवृद्ध गायिका वरचा सूर टाळते, आणि मूळ चाल कागदावर सापडते.

नावांची वेगळी यादी ठेवतात. एकाच वादकाचे बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव आणि १९६१ पूर्वीच्या कागदांवरील पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग वेगळे असते. रोमी (रोमन) लिपीत कोंकणी लिहिताना ट-ड-ळ साठी अक्षर दुप्पट करतात, 'श' एक्स या अक्षराने लिहितात. हे माहीत नसलेल्या सूचिकाराकडून एका माणसाचे तिघे होतात. सुराची पट्टीही दोन्ही भाषांत द्यावी: वहीत 'काळी एक' असेल तर तेच लिहून पुढे सी शार्प.

हक्क आणि वापर

संमतिपत्र मुद्रणानंतर, ऐकवून मग घ्यावे. त्यात तीन पर्याय असतात: सर्वांसाठी खुले, फक्त ग्रंथालयात ऐकण्यासाठी, ठरावीक वर्षे बंद. कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि गायक-वादकाचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षे चालतो. कागदाचा गठ्ठा भेट देणाऱ्याकडे रचनेचा हक्क असेलच असे नाही. दोन्ही गोष्टी दानपत्रात वेगळ्या लिहाव्यात.

साठवण

तापमान २० ते २४ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवतात, पण आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. संध्याकाळी कार्यालयाबरोबर वातानुकूलन बंद करण्याची सवय पावसाळ्यात घातक ठरते: रात्री दमट हवा आत शिरते, गार भिंतींवर पाणी धरते आणि महिन्याभरात खोक्यांच्या तळाशी काळे ठिपके उमटतात. आर्द्रता शोषणारे यंत्र रात्रभर चालू ठेवून त्याची नळी थेट मोरीत सोडावी, कारण बादली भरली की यंत्र बंद पडते. फडताळ भिंतीपासून हातभर दूर आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर असावा.

डिजिटल प्रती तीन असतात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलची तपासणी-बेरीज (चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) दाखल करतानाच काढून ठेवतात आणि वर्षातून एकदा पुन्हा जुळवतात. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, हे काम आणि छपराची कौले तपासण्याचे काम एकाच आठवड्यात उरकणे सोयीचे पडते. घरच्यांना परत द्यायची प्रत मात्र पेन ड्राइव्हवर एकटी देऊ नये. सोबत स्वरलिपीची छापील, मोठ्या अक्षरांतली प्रत द्यावी, म्हणजे ती फेस्ताला किंवा उत्सवाला स्टँडवर लावून वाजवता येते.