कोणती फ्लाय घ्यावी आणि कशी बांधावी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा ग्राहक दुकानात आला की पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो: ट्राउटला कोणता रंग चालतो? आमचं उत्तर ठरलेलं आहे. फ्लाय, म्हणजे गळावर पिसं वगैरे बांधून केलेला नकली किडा वा मासोळी, पाण्याच्या कोणत्या थरात जाणार ते आधी ठरवा, मग आकार पाहा, आणि रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. चुकीच्या थरात फिरणारी सुंदर फ्लाय माशाला दिसतच नाही. योग्य थरातल्या, योग्य मापाच्या साध्या तपकिरी फ्लायला मात्र मासा तोंड लावतो.

आमचे बरेच ग्राहक मुंबई-पुण्याहून हिमाचलात तीर्थन नदीवर किंवा काश्मीरला जातात, म्हणून इथे मुख्यतः ट्राउटबद्दल लिहिलं आहे. महासीर आणि चिलापीचं थोडक्यात शेवटी आहे.

आधी दगड उलटा

ओढ्याकाठी पोचल्यावर रॉड जोडण्याआधी गुडघाभर पाण्यातले दोन-चार दगड उलटून पाहा. चपटे, दगडाला चिकटून सरपटणारे किडे दिसले आणि त्यांना बहुधा तीन शेपट्या असल्या, तर ती मेफ्लायची पिल्लं, म्हणजे निम्फ. शेपट्या दोनच आणि अंग जाडसर असेल तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण जोडून केलेली बारीक नळी दगडाला चिकटलेली असेल तर आत कॅडिसची अळी आहे. हे किडे आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढतात आणि पंख फुटल्यावर थोडेच दिवस वर जगतात. त्यामुळे ट्राउटचं पोटही बहुतेक वेळ पाण्याखालच्या खाण्यावरच भरतं. डबीत निम्फ जास्त आणि तरंगत्या फ्लाय कमी असाव्यात, असं आम्ही सांगतो ते यासाठीच. ग्राहक घेतात मात्र नेमकं उलट, कारण तरंगती फ्लाय दिसायला छान असते.

मासा वर येऊन काही टिपताना दिसला तर उठलेल्या वर्तुळात बुडबुडा राहतो का ते पाहा. बुडबुडा राहिला तर त्याने पृष्ठभागावरचा किडा घेतला, किड्याबरोबर थोडी हवाही तोंडात गेली. नुसती पाठ दिसली आणि बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली खातो आहे. अशा वेळी तरंगती फ्लाय बदलत बसू नका, हलकी निम्फ लावा.

एप्रिल ते जूनमध्ये वर बर्फ वितळत असतं, पाणी जोराचं आणि दुधाळ असतं. तेव्हा टंगस्टनचा मणी असलेली निम्फ घ्या. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड असल्यामुळे फ्लाय लहान ठेवूनही तळापर्यंत जाते. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाणी निवळतं आणि उतरतं. तरंगत्या फ्लायचे खरे दिवस ते.

गळाचा नंबर

नंबर जितका मोठा तितका गळ लहान. ट्राउटसाठी 12, 14 आणि 16 या तीन मापांत बहुतेक काम भागतं. 1 च्या पुढे 1/0, 2/0 असे नंबर येतात, तिथे मात्र गळ मोठा होत जातो. महासीरची ऑर्डर देताना ही गल्लत नेहमी होते, म्हणून 2 आणि 2/0 स्पष्ट लिहा.

टिपेट, म्हणजे टोकाचं बारीक तंगूस, निवडताना गळाच्या नंबराला तीनने भागा, येईल तो टिपेटच्या जाडीचा ‘एक्स’ नंबर. 12 नंबरला 4एक्स, 16 नंबरला 5एक्स. जाड तंगुसावर लहान फ्लाय ताठ राहते, प्रवाहाबरोबर वाहत नाही, आणि शहाण्या माशाला ते लगेच कळतं.

पहिली फ्लाय: फेझंट टेल निम्फ

एकच फ्लाय शिकायची असेल तर ही शिका. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीवर रिव्हरकीपर, म्हणजे नदीची देखभाल करणारे, असलेल्या फ्रँक सॉयर यांची ही रचना. त्यांनी धागा वापरलाच नाही. तांब्याची तारच बांधते, तीच वजन देते आणि अंगावर तीच चमकते. यापेक्षा काटकसरीची फ्लाय आम्हाला माहीत नाही.

तार 0.1 मिलिमीटरच्या आसपासची लागते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात 42 नंबरची मागा. आम्हीही ठेवतो, पण तिथे स्वस्त मिळेल.

14 नंबरचा गळ घ्या आणि त्याचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून टाका. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही आणि तुमच्या बोटात गेलेला गळही सहज निघतो. गळाची वाकण व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात, धरा, टोक बाहेर राहू द्या. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे तंगूस ओवायच्या भोकामागे, थोडी जागा सोडून तार शेजारी शेजारी गुंडाळत वाकणीपर्यंत न्या, परत पुढे आणा आणि पुढच्या तिसऱ्या हिश्शात आणखी काही वेढे घालून फुगवटा करा. ही निम्फची छाती. तार पुन्हा मागे न्या.

आता फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसातले चार तंतू, टोकं एका रेषेत ठेवून, एकदम कापा. टोकं वाकणीच्या मागे 3 मिलिमीटर बाहेर राहतील असे ते तारेने आवळा, ही शेपटी झाली. याच तंतूंचा उरलेला भाग तारेभोवती हलकेच पिळा आणि दोन्ही मिळून पुढे डोळ्याकडे गुंडाळत या. इथे घाई केली तर तंतू तुटतात. पीळ सैल वाटला तर थांबून पुन्हा द्या. पुढे पोचल्यावर पीळ उलगडा, नुसती तार छातीच्या मागच्या कडेला न्या, तंतू पाठीवरून मागे दुमडून तिथे आवळा. तार पुढे, तंतू पुन्हा पुढे, पुन्हा आवळा. पाठीवर गडद पट्टा उठून दिसतो, त्यात निम्फचे मिटलेले पंख असतात. तारेच्या दोन-तीन अर्ध्या गाठी मारून उरलेलं कापा. पाय करायचे नाहीत. पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते, म्हणून सॉयर यांनी ते ठेवले नाहीत.

शिकाऊ हाताची नेहमीची चूक म्हणजे डोळ्यावर गर्दी. सगळं पुढे सरकत येतं आणि शेवटी तंगूस ओवायला भोकच उरत नाही. सुरुवातीलाच डोळ्याएवढी जागा रिकामी सोडा आणि शेवटपर्यंत ती राखा.

तरंगत्या फ्लायचं पीस

इथे कोंबड्याच्या मानेचं ताठ, चकचकीत पीस लागतं. गळाभोवती ते गुंडाळलं की तंतू चहूकडे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर फ्लाय पाण्यावर टेकते. तंतूची लांबी गळाच्या टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट असावी. कोंबडीचं पीस मऊ असतं, पाणी पितं, म्हणून ते बुडणाऱ्या फ्लायला उत्तम. गावठी कोंबड्याची मान चिकनवाल्याकडून मिळाली तर सौम्य साबणाने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर कसर तुमचा सगळा साठा खाईल. फ्रीझरची परवानगी घरातून घ्यावी लागते, ती आम्ही मिळवून देऊ शकत नाही.

बदकाच्या तेलग्रंथीजवळची मऊ पिसं मुळातच सुंदर तरंगतात. त्यांना सिलिकॉनची जेल लावू नका, तंतू चिकटतात आणि फ्लाय बुडते.

जे आम्ही विकत नाही

रानकोंबड्याच्या मानेचं पीस मागणारे ग्राहक येतात. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे पिवळट ठिपके असतात. स्कॉटलंडच्या जुन्या सॅमन फ्लायमध्ये डोळा म्हणून तेच पीस लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याची शिकार करता येत नाही, आणि जंगलात ‘सापडलेलं’ पीसही आम्ही घेत नाही. सांबर आणि चितळाच्या केसांचंही तेच. फेझंटची शेपटी आम्ही देतो ती परदेशात पाळलेल्या पक्ष्याची, आपल्या कलिज वा मोनालची नव्हे.

गळून पडलेलं मोरपीस देशात वापरता येतं, पण ते परदेशी पाठवायला बंदी आहे. मोरपिसाचे तंतू असलेल्या फ्लाय अमेरिकेतल्या वा इंग्लंडमधल्या नातेवाइकांना पाठवू नका. अशा ऑर्डरसाठी आम्ही शहामृगाचं पीस वापरतो.

महासीर आणि चिलापी

महासीर मासोळी, खेकडा, किडा, पाण्यात पडलेलं फळ, सगळं खातो. त्याला क्लाउझर मिनो द्या. या फ्लायच्या डोक्याशी डंबेलसारखे जड डोळे बांधलेले असल्यामुळे गळ उलटा होऊन टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकतं. दख्खनी महासीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. आज त्या पाण्यात फ्लाय टाकायला आम्ही कुणाला सांगणार नाही. महासीर कुठेही मिळाला तरी ओल्या हातांनी धरून सोडून द्या.

सरावाला चिलापी उत्तम. 14 नंबरची हीच फेझंट टेल हळूहळू ओढा. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा आधी तिथल्या संस्थेला वा ठेकेदाराला विचारा.

परवाना आणि ऑर्डर

हिमाचलात मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि ट्राउटच्या विणीमुळे 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही.

ऑर्डर देताना नदी, महिना आणि रॉडचा नंबर कळवा. 4 नंबरच्या हलक्या रॉडवर जड क्लाउझर नीट फेकता येत नाही, उलट मागे फिरताना डोक्यात बसते. तशी ऑर्डर आली तर आम्ही आधी फोन करतो.