‘इनसाइड नंबर नाइन’ म्हणजे ‘ब्लॅक मिरर’ नव्हे

मुंबईत चार मराठी माणसांत मालिकांचा विषय निघाला आणि कोणी ‘इनसाइड नंबर नाइन’ हे नाव काढले, की तिची ओळख बहुधा ‘ब्लॅक मिररसारखीच, फक्त थोडी विनोदी’ अशी करून दिली जाते. ही ओळख चुकीची आहे आणि तिच्यामुळे नुकसानही होते. ‘ब्लॅक मिरर’ ही नवे तंत्रज्ञान माणसाचे काय करते याच्या कथांची मालिका, त्यामुळे ही ओळख ऐकून ‘इनसाइड नंबर नाइन’ लावणारा प्रेक्षक पहिल्या भागात एखादे अद्भुत यंत्र शोधत बसतो, ते सापडत नाही म्हणून शेवटच्या धक्क्याची वाट पाहतो, आणि धक्का आपल्या अपेक्षेएवढा मोठा वाटला नाही की मालिका सोडून देतो. मला या मालिकेविषयी मनापासून आपुलकी आहे, म्हणून या दोहोंतला फरक नीट मांडावासा वाटतो.

गल्लत का होते, हे समजण्यासारखे आहे. दोन्ही मालिका ब्रिटिश आहेत, दोन्हींत प्रत्येक भागाची कथा आणि पात्रे नवी असतात, दोन्हींचा सूर काळोखा आहे आणि दोन्हींत शेवटी कथेला कलाटणी मिळते. चार्ली ब्रूकर यांची ‘ब्लॅक मिरर’ डिसेंबर २०११ मध्ये चॅनल फोरवर सुरू झाली आणि २०१६ पासून नेटफ्लिक्सवर आली, त्यामुळे आपल्याकडे ती आधी आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचली. स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ यांची ‘इनसाइड नंबर नाइन’ बीबीसी टूवर फेब्रुवारी २०१४ ते जून २०२४ अशी चालली. नऊ पर्वे आणि एकूण ५५ भाग. मागून आलेल्या मालिकेला आधीच्या मालिकेच्या मापाने मोजले गेले, एवढेच झाले.

खरा फरक निर्मात्यांच्या मुळात आहे. ब्रूकर यांनी आधी व्हिडिओ गेमविषयी आणि दूरचित्रवाणीविषयी लिहिले. पडदा आणि तो पाहणारा माणूस हा त्यांचा जुनाच विषय. पेम्बर्टन आणि शिअरस्मिथ हे मात्र नट. त्यांच्या ‘सायकोव्हिल’ या आधीच्या मालिकेतला एक भाग हिचकॉकच्या ‘रोप’ या चित्रपटाला दाद देण्यासाठी एकाच खोलीत, मोजक्या सलग दृश्यांत चित्रित झाला होता, आणि त्या अनुभवातूनच ‘नंबर नाइन’ची कल्पना पुढे आली. प्रत्येक भाग नऊ क्रमांकाच्या कुठल्या तरी जागी घडतो: कधी घर, कधी रेल्वेचा शयनकक्ष, कधी हॉटेलचा मजला. भाग साधारण अर्ध्या तासाचा असतो, पात्रे मोजकी असतात, आणि दार एकदा लागले की कथा त्या जागेबाहेर सहसा जात नाही.

ज्याने दादर-माटुंग्याच्या नाट्यगृहांत महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा पाहिल्या आहेत, त्याला हे व्याकरण शिकवावे लागणार नाही. ठराविक मिनिटांत लावून उतरवता येईल असे नेपथ्य, पहिल्या पाच मिनिटांत उघड झालेली नाती, मधे कुणाचे तरी अनपेक्षित येणे, आणि अंधार होण्याआधीचे शेवटचे वाक्य: ‘नंबर नाइन’ ही मुळात एकांकिकांची मालिका आहे. २०२५ मध्ये तिचे निर्माते तिचा नाट्यप्रयोग घेऊन लंडनच्या रंगभूमीवर उभे राहिले, याचे म्हणूनच नवल वाटत नाही. ‘ब्लॅक मिरर’चा एकेक भाग त्या मानाने छोटा चित्रपट असतो, त्यांतला ‘हेटेड इन द नेशन’ जवळपास दीड तासाचा आहे. त्यात एक अख्खे जग उभारावे लागते, त्या जगाचे नियम समजावून द्यावे लागतात, आणि त्यासाठी वेळ लागतोच. दिवाळी अंक वाचणारा मराठी वाचक गूढकथा आणि विज्ञानकथा यांची कधी गल्लत करत नाही. इथेही तोच भेद आहे.

दोन भाग शेजारी ठेवून पाहावेत. ‘ब्लॅक मिरर’मधल्या ‘नोजडाइव्ह’ या भागात प्रत्येक माणूस भेटेल त्या प्रत्येकाला पाचपैकी गुण देतो, आणि त्या सरासरीवर माणसाची पत ठरते. नायिका लेसीची सरासरी ४.२ आहे, तिला हव्या असलेल्या घरासाठी सवलत मिळवायची तर ती ४.५ वर न्यावी लागणार. घराच्या किमतीपायी माणूस कुठवर वाकेल, हे मुंबईकराला सांगायला नको, म्हणून हा भाग आपल्याला पटकन भिडतो. पण लेसी काही वेगळी बाई नाही. तिच्या जागी दुसरी कोणीही असती तरी तिची हीच गत झाली असती. दोष त्या व्यवस्थेत आहे, आणि कथेचा रोखही त्या व्यवस्थेवरच आहे.

आता ‘नंबर नाइन’मधला ‘द बिल’ पाहा. चार पुरुष रेस्टॉरंटमध्ये जेवून उठायच्या बेतात आहेत, बिल आले आहे, आणि ते कोणी द्यायचे यावरून बोलणे सुरू होते. ‘राहू दे, मी देतो’, ‘मागच्या वेळी तू दिलेस’, ‘मी वाइन घेतलीच नव्हती’, ‘टिप किती ठेवायची’. बंद करायची वेळ झालेली असल्यामुळे वेट्रेस ताटकळत आहे आणि हे चौघे पाकिटे काढतात, परत ठेवतात. इथे ना यंत्र आहे ना भविष्यकाळ. आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलात रोज रात्री दिसणारा हा प्रसंग आहे. प्रत्येक वाक्यासरशी औदार्याचा आव थोडा गळतो, त्याखालचा जुना हिशेब वर येतो, आणि पंधराव्या मिनिटाला ज्या गोष्टीला आपण मनमोकळे हसलो, तिचे पंचविसाव्या मिनिटाला काय होते ते सांगून मी कुणाचा रस घालवणार नाही. ही कथा याच चार माणसांची आहे. त्यांतला एक बदलला तर ती घडणार नाही.

यावरून विनोदाची जागाही वेगळी ठरते. ‘ब्लॅक मिरर’मध्ये विनोद असतो तो मूळ कल्पनेत, आणि तो थंड असतो, कल्पना कळली की हसू येते आणि लगेच विरते. ‘नंबर नाइन’मध्ये विनोद शिष्टाचारातून येतो, म्हणजे नाही म्हणता न येण्यातून, अवघडून बसण्यातून, दुसऱ्याचे बोलणे अर्धवट ऐकण्यातून. पहिल्याच ‘सार्डिन्स’ या भागात साखरपुड्याच्या निमित्ताने जमलेली मंडळी लपाछपीचा एक उलटा खेळ खेळतात. लपलेला सापडला की शोधणाऱ्याने त्याच्याच शेजारी लपायचे, आणि असे करता करता एका कपाटात माणसांची दाटी होत जाते. नकोशी माणसे अंगाला अंग लागून उभी आहेत आणि तरी सभ्यपणे बोलत आहेत, हे पाहताना हसू येते. त्या कुटुंबाने काय दडवले आहे ते हळूहळू कळते तेव्हाही आपण त्याच कपाटात अडकलेले असतो. हे हसू आणि ती भीती एकाच दाटीतून आलेली आहे, आणि मला तरी या मालिकेचे मोठेपण तिथेच दिसते.

माध्यमाशी खेळण्याची हौस दोघांनाही आहे, पण तिथेही वाटा वेगळ्या. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘नंबर नाइन’चा ‘डेड लाइन’ हा भाग थेट प्रक्षेपित झाला. काही मिनिटांत आवाज गेला, निवेदकाने तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि जुना भाग लावला गेला. अनेकांनी बिघाड खरा मानून वाहिनी बदलली, आणि तो सगळा कथेचाच भाग होता. बरोबर दोन महिन्यांनी, २८ डिसेंबरला, ‘ब्लॅक मिरर’चा ‘बँडरस्नॅच’ आला, ज्यात पात्राने पुढे काय करायचे ते प्रेक्षकाने बटण दाबून निवडायचे. एकाने प्रेक्षकाच्या हाती सूत्रे दिली, किंवा दिल्यासारखे केले. दुसऱ्याने प्रेक्षकाला न कळवता त्याच्या दिवाणखान्यातला टीव्हीच रंगमंच करून टाकला. दुसरा प्रयोग मला अधिक धाडसी वाटतो, पण तो त्या रात्रीपुरता होता. आज तो भाग पाहणाऱ्याला आवाज मुद्दाम घालवला आहे हे आधीच ठाऊक असते.

लपवलेल्या खुणांबद्दल थोडक्यात. ‘नंबर नाइन’च्या प्रत्येक भागात सशाची एक पितळी मूर्ती कुठेतरी ठेवलेली असते, तिचा कथेशी काही संबंध नसतो, ती शोधण्याची गंमत एवढाच तिचा हेतू. ‘ब्लॅक मिरर’मधल्या खुणा मात्र वेगवेगळ्या भागांची जगे एकमेकांना जोडतात, आणि २०१७ च्या ‘ब्लॅक म्युझियम’मध्ये आधीच्या कथांतल्या वस्तूच मांडून ठेवल्या आहेत. म्हणून तो भाग आधी पाहू नये.

पाहण्याच्या रीतीविषयी. अर्ध्या तासाचा भाग ठाणे-दादर प्रवासात नेमका बसतो, तरी ‘नंबर नाइन’ लोकलमध्ये फोनवर पाहू नये असे मी आग्रहाने सांगेन. ‘कोल्ड कम्फर्ट’ या भागात तर पडदा पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या चौकटींत विभागलेला आहे, आणि महत्त्वाचे काही लहान चौकटीत घडून जाते. एका बैठकीत एकच भाग पाहावा. मराठी प्रेक्षकाने ‘द रिडल ऑफ द स्फिंक्स’पासून सुरुवात करू नये, कारण त्याचा सारा डोलारा इंग्रजी शब्दकोड्यांवर उभा आहे, हॉटेलच्या मजल्यावर पद्यात रचलेला ‘झँझिबार’ही नंतरसाठी ठेवावा. सुरुवातीला ‘अ क्वाएट नाइट इन’ घ्यावा. दोन चोर एका आलिशान घरातले चित्र पळवायला शिरले आहेत, घरातल्या जोडप्याचे बिनसले आहे, आणि जवळजवळ संपूर्ण भागात कोणी बोलत नाही, त्यामुळे सबटायटल्सचीही अडचण नाही. तो पाहून झाल्यावर ‘द बिल’, मग ‘सार्डिन्स’. ‘डेड लाइन’ त्यांच्यानंतर पाहावा, कारण मधे लावला जाणारा जुना भाग ‘अ क्वाएट नाइट इन’च आहे. ‘प्लॉडिंग ऑन’ हा अखेरचा भाग मात्र बाकीचे सर्व पाहून होईपर्यंत उघडू नये. त्यात आधीच्या भागांतले अनेक कलाकार पुन्हा भेटतात, आणि ते ओळखता आले तरच त्या भागाची खुमारी कळते.